खुर्च्या किती, गाड्या कुठं?

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर हसणारा माणूस आहे. दाराला बांधलेली लिंबू-मिरची दिसली की ती मिरची वड्याबरोबर खाऊन टाकावी अशा मताचा. तेव्हा कॉमेंटमध्ये "काय पुड्या सोडतोय" म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. पण ही गोष्ट माझ्या बापाची आहे, म्हणून लिहितोय.

आमचं गाव पूर्णा, भिवंडीला लागूनच. भातशेती गेली, गोदामं आली, आणि बाबा त्यातल्याच एका गोदामात डिस्पॅच बघायला लागले. कुठली गाडी कधी सोडायची, कुठल्या रस्त्यानं पाठवायची, हे त्यांचं काम. सभा असो, उरूस असो, नाहीतर आमच्या आगरी लोकांचं दोन-तीन हजार माणसांचं लग्न... जाम कुठं आणि किती वाजता लागणार, बाबा सकाळीच सांगून मोकळे! ड्रायव्हर लोक हातातला चहा ठेवून ऐकायला यायचे. छाती फुगायची हो माझी. जादू काही नव्हती. बरोबर नऊला ते मंडपवाल्या इस्माईलचाचांना फोन लावायचे आणि दोनच प्रश्न विचारायचे — खुर्च्या किती? गाड्या कुठं लावणार?

"जाम मानसं करत न्हाईत रे, गाड्या करतात," हे मला शंभरदा ऐकवलेलं.

हार्ट अटॅकनं बाबा गेले आणि त्यांची जागा मला मिळाली. हे घडलं त्यानंतर सात-आठ महिन्यांनी, दोन हजार सहा-सातच्या सुमारास.

त्या दिवशी दुपारी शहरातल्या मैदानावर मोठी सभा होती. चाचा गावी, उत्तर प्रदेशात, वर्षभर मुक्काम ठोकून होते, म्हणून आदल्या दिवशी मी त्यांच्या मुलाला विचारलं. बारा हजार खुर्च्या! झालं, मी ऐटीत फळ्यावर लिहिलं — "शहर जाम, बायपासनं जा." दुसरा प्रश्न विचारायचा राहिलाच. शहाणा ना मी!

साडेबाराला पडघ्याहून दाजींचा फोन आला. माझी धाकटी बहीण सुनंदा, आठवा महिना.

"दादा, तिला एकदम रक्त जायला लागलंय... डॉक्टर बोलतात आताच्या आता ठाण्याला न्या. जीपमध्ये घातलंय. कुठल्या रस्त्यानं आणू?"

"बायपास" अगदी जिभेवर आलं होतं. पण जीव बहिणीचा... म्हटलं, एकदा खात्री करावी. राजनोली नाक्यावर दोन रस्ते फुटतात, एक शहरातून, एक बायपासनं; तिथवर पोचायला त्यांना वेळ होता. मंडपाच्या दुकानात फोन लावला, तर उचलला खुद्द चाचांनी. त्याच सकाळी परतले होते.

"अरे छोटे म्हात्रे, सब बता तो दिया तुम्हारे बाबा को! गाड़ियाँ बायपास के खेतों में लगेंगी. वो बोले, फिर तो बायपास जाम, शहर खाली."

"किसको बताया, चाचा?"

"तुम्हारे बाबा को. नौ बजे फोन आया था, रोज के माफिक."

चाचांना समजावत बसायला वेळ नव्हता. पोटुशी बहीण बारा हजार माणसांच्या सभेच्या तोंडी द्यायची, तीही मेलेल्या माणसाच्या शब्दावर? पण शब्द बाबांचा होता. दाजींना फोन लावला.

"शहरातून या."

"दादा, डोकं ठिकाणावर हाय ना? आज सभा हाय!"

"बाबांनी सांगितलंय."

दाजी एवढंच म्हणाले, "बरं."

मोठ्या गाड्या पोलीस शहरात सोडतच नव्हते, दुकानं बंद, यंत्रमाग बंद. जीप सरळ निघाली. पूर्ण्याला मी चढलो आणि कशेळीच्या पुलावरून ठाणं गाठलं. बायपास संध्याकाळपर्यंत हलला नाही. माझ्या फळ्यावर विसंबलेल्या आमच्याच चार गाड्या त्यात अडकल्या होत्या. सुनंदा वाचली, मुलगी झाली. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर दोघीही गेल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी चाचांकडे गेलो. बाबा गेल्याचं त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. मीच सांगितलं. म्हटलं, बाबांचा आवाज काढून कुणी मस्करी केली असेल. तर माझ्यावरच खेकसले, "बीस साल वो आवाज़ सुनी है, वो खाँसी सुनी है. मस्करी?"

मग हळूच म्हणाले, "मैंने पूछा भी था, म्हात्रेसाब, आज कौनसी गाड़ी निकालनी है? बोले, गाड़ी नहीं इस्माईलभाई... आज मेरी लड़की को निकलना है."

सकाळी नऊला सुनंदा पडघ्याला घरी निवांत चहा पीत होती. तिला काहीच होत नव्हतं.

भुताखेतांवर मी आजही हसतो. पण आमच्या बाबांचा अंदाज कधी चुकला नाही, मेल्यावरसुद्धा नाही, हे मात्र कुणालाही छातीठोकपणे सांगतो.