तात्यांची वाकडी झड

आगरदांड्याला होडीची वाट पाहत उभा होतो. पलीकडून होडी घेऊन आलेल्या तांडेलाने मला पाहिले आणि डोक्याचे पागोटे काढून हातात घेतले. तात्या गेले, हे मला तेव्हाच कळले... तोंडाने तो नंतर बोलला.

तात्या माझे थोरले मावसभाऊ. बोर्लीजवळच्या एका गावाची खोती त्यांच्या घरात, आणि खोतीबरोबर कौन्सिलातली जागाही चालत आलेली. वडील सरकारने नेमलेले सभासद. त्यांच्यामागे तात्या निवडून आले. निवडणूक तरी कसली, मत देणारे बहुतेक आमचेच सगेसोयरे खोत! सुरुवातीला तात्यांनी कौन्सिलात तोंडच उघडले नाही. तिथली खुर्ची फार मऊ दिसते, असे मी चिडवायचो. ते नुसते हसायचे.

आमच्याकडे पावसाळ्याआधी भिंतींना झडी बांधतात, म्हणजे नारळाच्या झापांचे पडदे. खोताच्या झडी कुळांनी वेठीने, फुकट बांधायच्या. स्वतःच्या झोपडीचे मग बघायचे. एका वर्षी त्यापायी धर्मा या कुळाची भिंत खचली. तो गाऱ्हाणे घेऊन आला नाही. तात्यांची एक झड सुटली होती, ती बांधायला आला. तेच तात्यांना लागले.

पुढच्या बैठकीत ते वेठीविरुद्ध बोलणार, हे कळल्यावर त्यांच्या काकांनी बजावले, की ज्या फांदीवर बसायचे ती तोडू नये. "फांदी आपली असेल, काका. झाड त्यांचं आहे," एवढेच तात्या म्हणाले. बोलले, आणि नंतरच्या निवडणुकीत पडले. काकांनीही मत दिले नाही. खुर्ची गेल्याचे तात्यांना वाईट वाटले, फार वाटले. उगीच खोटे कशाला लिहू? पण घरची वेठ त्यांनी बंद केली ती केलीच. इतर झडी मजुरीने बांधून घेत, आपल्या खोलीची मात्र स्वतः शिडीवर चढून बांधत. दरवर्षी वाकडी. गाव गालातल्या गालात हसे.

परवा वहिनींना भेटायला गेलो तर धर्मा आणि चार माणसे झडी बांधत होती. वहिनी मजुरी पुढे करत होत्या, कोणी हात लावीना. मी धर्माला म्हटले, तात्यांनी वेठ बंद केली होती ना?

"वेठ न्हाय ही," तो म्हणाला. "न बोलावता आलोय."

सगळ्या झडी सरळ बसल्या होत्या. तात्यांच्या खोलीची तेवढी एका बाजूला कललेली. ती जरा नीट कर, असे वहिनींनी सांगितले. धर्मा शिडीवरून खाली उतरला, वर पाहत उभा राहिला...

"ऱ्हाऊ द्या, बाईसाहेब. ती तशीच असते."