चहा ठेवायला कोणी सांगितलं

नागपुरात हुडकेश्वरच्या त्या गल्लीत जा आणि गोपिकाकाकूंच्या घरून बिनचहाचा परत गेलेला एक माणूस दाखवा म्हणा. नाही सापडायचा. मीटर वाचायला आलेला असो, सिलिंडर खांद्यावर घेऊन आलेला असो की मतं मागायला आलेला असो, सगळ्यांना एकच हाक, “अगा बस ना, घोटभर चहा तर घे!” एखादा बिचारा म्हणायचा, आत्ताच झाला जी. त्यावर काकूंचं उत्तर ठरलेलं, “तो तिकडचा झाला, हा इकडचा.” नाही म्हणायची सोयच नव्हती.

आणि चहासोबत बोलणं. बाप्पा, काय ते बोलणं! कढईचा भाव सांगायला बसल्या तर कढई ज्या बाजारातून आणली तो बाजार, बाजारात भेटलेली नणंद आणि नणंदेच्या जावयाचा मुतखडा, एवढं सगळं झाल्यावर भाव यायचा. त्यांचे यजमान मनोहरराव खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरी करून निवृत्त झालेले. ते म्हणायचे, “तिथं मशीनचा आवाज होता, पण पाळी संपली की सुटका होती.” काकू हसायच्या आणि बोलणं पुढे चालू.

अशी ही बाई आयुष्यात एकदाच मोजकं बोलली. ते नेमकं कोर्टात बोलली.

काकू सावनेरकडच्या, शेतकऱ्याघरच्या. त्यांना पाहायला मनोहररावांकडचे लोक आले होते तेव्हा त्या नुकत्याच अठराच्या झालेल्या. काकीने हातात चहाचा ट्रे दिला, पदर सारखा केला आणि बैठकीत ढकललं. खाली मान घालून त्यांनी कप वाटले. मुलाकडे वर बघितलंसुद्धा नाही. बाहेर बाबा म्हणाले, “पोरगी तयार हाये.” कोणी विचारलं होतं? कोणीच नाही. चहा दिला, म्हणजे तयार. काकूंनी कधी त्याचं वाईट मानलं नाही. मनोहरराव मारझोड करणारे नव्हते, पगार घरी आणायचे. बाकी नवरा-बायकोत काय असतं नि काय नसतं, त्याबद्दल एवढी बोलकी बाई कधी चकार शब्द बोलली नाही.

मुलगा अश्विन पुण्याला नोकरीला गेला तशी वरची खोली रिकामी पडली. तिथे श्वेता भाड्याने राहायला आली. काटोलकडच्या खेड्यातली, बापाची थोडी संत्र्याची बाग. मिहानमधल्या एका कंपनीत तिला काम लागलं होतं. भाडेकरू म्हणून आली आणि आठवड्यात ओट्यावर बसून काकूंच्या हातची झुणका-भाकर खायला लागली. काकूंना मुलगी नव्हती. ते सगळं लाड करायचं राहून गेलेलं, ते या पोट्टीवर निघालं. केसाला तेल लाव, डबा घेतला का, उशीर काहून झाला. श्वेता हसायची, “काकू, माही माय इतकी इचारत नाही जी.” कोणी काही म्हटलं की करून टाकणारी, तोंड वर न करणारी पोरगी. काकूंना तर तेच आवडायचं.

तिच्या ऑफिसातला वरचा माणूस केयूर. उशीर झाला की गाडीवरून सोडून द्यायचा. चांगल्या घरचा, नम्र बोलणारा. काकूंनी त्यालाही दोन-तीनदा चहा पाजला होता.

तो मे महिन्यातला रविवार होता. नागपूरचा मे, भरदुपार. काकू मागच्या अंगणात पाइप घेऊन कूलरमध्ये पाणी भरत होत्या. तो जुना लोखंडी कूलर असा घरघरायचा की शेजारी बोललेलं ऐकू यायचं नाही, मग वरच्या खोलीतलं काय येणार? केयूर कधी आला तेही त्यांना कळलं नाही. जिन्यावरून उतरताना दिसला तेव्हा सवयीने तोंडातून निघालं, “काय जी, असे उन्हात निघाले? चहा घेतल्याबिगर?” आणि वर तोंड करून मोठ्याने, “श्वेता! अवं, पाहुण्याले चहा नाही दिला का? ये खाली, ठेव बरं लवकर!”

श्वेता खाली आली. चेहरा पांढरा पडलेला. काकूंना वाटलं, पोरीला ऊन लागलं. तिने चहा ठेवला, तीन कप आणून समोर ठेवले. काकूंनी एक घोट घेतला आणि खो खो हसल्या, “साखरेवर रेशन लागलं का वं?” केयूरही हसला. श्वेता हसली नाही. त्याने कप संपवला, “येतो काकू” म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी श्वेता खाली आली, स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली आणि तिने सांगितलं. ती नाही म्हणाली होती. पुन्हा पुन्हा म्हणाली होती. काकूंनी गॅस बंद केला. मनोहरराव म्हणाले, “सकाळी पाहू, तिच्या मायबापाले बोलाव आधी.” काकू त्यांच्यावर अशा भडकल्या की गल्लीने ऐकलं. त्याच पावली पोरीला ऑटोत घालून पोलीस ठाण्यात नेलं. हे काकूंनी केलं, हे विसरू नका. पुढचं ऐकताना तर मुळीच विसरू नका.

खटला उभा राहायला वर्षं लागली. श्वेताने नोकरी सोडली, गावी गेली. तारखेला यायची, काकूंकडे उतरायची. तिची साक्ष बंद दाराआड झाली, आत काय विचारलं ते तिने बाहेर आल्यावर कोणाला सांगितलं नाही. मग काकूंची पाळी आली. सरकारी वकिलाने त्यांना पाच मिनिटांत ओळखलं आणि हात जोडले, “काकू, विचारलं तेवढंच सांगा. तुम्ही पाल्हाळ लावलं, की समोरचा वकील त्यातूनच धागा ओढेल.” काकू घाबरल्या. आपल्या जिभेने पोरीचा घात व्हायला नको! घरी मनोहररावांना समोर बसवून त्यांनी सराव केला. हो जी. नाही जी. बस.

समोरच्या वकिलाने विचारलं, “आरोपी जाण्याआधी तिने त्याला चहा करून दिला, खरं आहे?”

“हो जी.”

“स्वतःच्या हाताने?”

“हो जी.”

“तेव्हा ती रडत होती? ओरडत होती? तुम्हाला काही सांगितलं?”

“नाही जी.”

संपलं. कोणी पुढे काही विचारलं नाही, सरकारी वकिलानेही नाही. काकू बाहेर आल्या त्या एखादा पेपर चांगला गेल्यासारख्या. “एक शब्द फाजील नाही बोलली मी!” मनोहररावांनी त्यांना कोर्टाबाहेर गरम आलुबोंडा खाऊ घातला.

निकाल लागला. केयूर निर्दोष सुटला.

मग काय, गावाला विषय मिळाला! पेपरात मुलीचं नाव नव्हतं, पण गल्लीला नाव कळायला पेपर लागतो का? टीव्हीवर चार माणसं चार चौकटींत बसून भांडू लागली. बलात्कार झालेली बाई चहा करते का, यावर चर्चा! पानठेल्यावर पोट्टे एकमेकांना म्हणायचे, चहा पाजला म्हणजे राजी, आणि फिदीफिदी हसायचे. मोबाइलवर कपबशीची चित्रं फिरली. मोर्चाही निघाला, मुली ओरडत होत्या, नाही म्हणजे नाही. भजनाच्या बायका टाळ खाली ठेवून म्हणत होत्या, “ते सारं ठीक हाये, पण चहा काहून दिला असन वं?” भैताड लेकाचे सगळे. ज्यांनी जन्मात कधी घाबरून कोणाचं काही केलं नाही, असे शूर लोक.

काकूंना मात्र अजून काही कळलंच नव्हतं. त्या कोर्टाला शिव्या देत होत्या. शेजारचे श्रीधरपंत, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, रोज संध्याकाळी मनोहररावांकडे येऊन बसायचे. त्यांनी निकालपत्र मिळवून वाचलं होतं. चष्मा सारखा करत ते म्हणाले, “वहिनी, कायदा भावनेवर चालत नाही. मुलीने कोर्टात सांगितलं होतं, की घरमालकिणीने चहा ठेवायला सांगितला म्हणून मी ठेवला. पण न्यायाधीश म्हणतात, घरमालकीण स्वतः साक्षीला आली, ती तर असं काही बोलली नाही. म्हणजे मुलीने हे मागून रचलं. आणि एक गोष्ट रचली, तर बाकीच्यावर भरवसा कसा ठेवायचा?”

काकूंच्या हातात श्रीधरपंतांसाठीचाच कप होता. तो त्यांनी तसाच खाली ठेवला.

“पण म्याच तर सांगतलं होतं जी,” काकू म्हणाल्या. “म्याच वरडून सांगतलं.”

श्रीधरपंतांनी चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाले, “मग तेव्हा बोलायचं ना, वहिनी.”

त्यानंतर काकू भेटेल त्याला सांगत सुटल्या. भाजीवालीला, भजनाच्या बायकांना, पानठेल्यावर जाऊन त्या पोट्ट्यांनासुद्धा. चहा म्या सांगतला होता, बाप्पा, म्या! जन्मभर ज्यांचं बोलणं लोकांनी हसत हसत ऐकलं, त्यांचं हे एक वाक्य कोणी खरं मानेना. आता पोरीला वाचवायला असं बोलून राहिली म्हातारी, लोक म्हणायचे. निकाल लागल्यावर आठवलं का? सरकारी वकिलाने फोनवर सांगितलं, अपील करू, पण साक्ष झाली ती झाली, आता त्यात भर घालणं सोपं नाही. काकूंची भूक गेली. त्यांची हाक बंद पडली. दारावर आलेला माणूस पहिल्यांदाच बिनचहाचा जाऊ लागला.

शेवटी एक दिवस त्या एकट्याच काटोलच्या बसमध्ये बसल्या.

श्वेताची आई तुळसाबाई अंगणात संत्री निवडत होती. काकूंना पाहून उठली, हात पुसले, खाट टाकली. कडवट असं काही बोलली नाही. बोलली असती तर काकूंना बरं वाटलं असतं. माणूस दुरून आलं म्हटल्यावर तिनेही सवयीने आत तोंड करून हाक दिली, “श्वेता, काकू आल्या वं. चहा ठेव.”

आतून आवाज आला, “नाही.”

तुळसाबाईला वाटलं, ऐकू आलं नाही. “अवं, चहा ठेव म्हणून राहिली!”

“नाही ठेवत मी.”

तुळसाबाई लाजेने अर्धी झाली. बाप ओट्यावर बसला होता, त्याने मान वळवली. “राहू द्या,” काकू घाईने म्हणाल्या, “राहू द्या तिले. नाही म्हटलं ना तिनं.” आणि त्यांना रडू कोसळलं.

श्वेता दारात आली. किती वाळली होती पोरगी! चौकटीला धरून उभी राहिली आणि तिने एकच गोष्ट विचारली.

“काकू, तुमी सांगतलं होतं ना मले चहा ठेवाले?”

“हो वं माय. म्याच सांगतलं.”

“खरंच ना? का मीच आपल्या मनानं ठेवला? कोर्टानं लिहिलं, सारे म्हणून राहिले, तर मलेही वाटाले लागलं की मी खोटं बोलली. मी रोज आठवून राहिली. आता मले काहीच नीट आठवत नाही.”

“जिन्यापाशी उभी राहून वरडली मी. कूलर सुरू होता म्हणून मोठ्यानं वरडली. तू ठेवला, त्यात साखर नव्हती. मी तुले हसली.” काकूंनी पदर तोंडाला लावला. “मी हसली वं तुले.”

श्वेताने डोळे मिटले. साखर नव्हती, हे तिने एकदा ओठातल्या ओठात म्हटलं.

“मंग कोर्टात काहून नाही सांगतलं?”

“कोनी इचारलंच नाही मले.”

श्वेताने त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही. राग करायलाही अंगात जीव लागतो.

“मले तरी त्यानं कुठं इचारलं होतं, काकू?” ती म्हणाली. “तरी मी नाही म्हटलं होतं.”

काकू तशाच खाटेवर बसून राहिल्या. तुळसाबाईने पाणी दिलं, ते प्यायल्या. जाताना त्यांनी श्वेताच्या डोक्यावरून हात फिरवायला हात उचलला. मग थांबून विचारलं, “हात लावू का वं?” श्वेताने मान हलवली. नाही. काकूंनी हात मागे घेतला आणि चपला घातल्या.

घरी पोचल्या तेव्हा मनोहरराव फाटकात वाट पाहत उभे होते. त्यांच्या हातातली पिशवी घेत ते म्हणाले, “दमली असशील. त्यायनं चहा-पानी तरी दिलं का?”

“नाही.”

“असं कसं? इतक्या दूर गेली अन् बिनचहाची आली?”

“पोरगी नाही म्हणाली,” काकू म्हणाल्या. “अन् साऱ्यायनं आयकलं.”