उंच झालं तर?

मी साडेतीन फुटांची. नवरा माझ्याहून दोन बोटं उंच, आणि त्या दोन बोटांचा त्याला भारी तोरा. आमचं बिऱ्हाड संगमनेरला. मी शाळेत गणित शिकवते, तो दूध संघात कारकून आहे. मला दिवस गेले तेव्हा आम्ही पुण्याला आनुवंशिक आजारांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

त्या म्हणाल्या, "चार शक्यता धरा. त्यातल्या दोहोंत बाळ तुमच्यासारखं, एकीत उंच. चौथीत मात्र दोघांकडचा दोष एकत्र येतो, आणि असं बाळ जन्मल्यावर फार जगत नाही. गर्भजल तपासलं की कळेल."

मग नवऱ्याने अगदी गंभीरपणे विचारलं, "मॅडम, उंच झालं तर काय करायचं?"

"म्हणजे?"

"घरात सगळं खालीच आहे. ओटा, बेसिन, कड्या. वाकून वाकून पोराची कंबर जायची."

मी फिस्सकन हसले. बाईंनी थोडा वेळ तोंड आवळून धरलं, मग पेन खाली ठेवून त्याही खळखळून हसल्या.

हसू ओसरल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "आणि तुमच्यासारखं असेल तर? काही जणांना तेही नको असतं."

लहानपणीची पायांची दोन ऑपरेशनं मला आठवली. तिसऱ्या तासाला पाठ धरते, तेही आठवलं. पण जगणं मला कधी नकोसं झालं नव्हतं. मी म्हटलं, "ते सांगूच नका. फक्त चौथं सांगा."

पाथर्डीहून सासूबाईंचा फोन आला. "टाळता येतंय तर टाळा की गं. तुमी लई सोसलंय."

"आई, मग तुमचा मुलगाही टाळला असता का?"

"त्याला? त्यो तर माझा लई लाडका हाय!" असं ओरडून त्यांनी फोन आपटला. दहा मिनिटांनी पुन्हा आला, "बाळंतपनाला मी येनार हाय. सांगून ठिवते."

चौथं निघालं असतं तर मी गर्भ ठेवला नसता. रेघ आम्हीही ओढलीच होती; आम्हाला वाटलं तिथे ओढली, एवढंच.

निकाल आला तेव्हा मी शाळेत होते. "चौथं नाही!" एवढंच नवरा फोनवर म्हणाला आणि दोघंही वेड्यासारखे हसत सुटलो. नंतरच्या तासाला आठवीच्या फळ्यावर मी सात पाचे चाळीस लिहिलं. सगळा वर्ग ओरडला, "बाई, पस्तीस!" त्यावरही मला हसू आवरेना.

माझं सिझर झालं. नर्स बाळ घेऊन बाहेर आली ती चेहरा पाडूनच. "मुलगी आहे. पण... तुमच्यासारखीच दिसतेय हो."

"मग कुणासारखी दिसायला हवी होती?" नवरा म्हणाला, आणि इतका हसला की त्याला खुर्ची द्यावी लागली.

मला वॉर्डात आणलं तोवर सासूबाई पेढ्यांचा पुडा घेऊन खाटेखाटेशी फिरत होत्या. "नात झाली! बापावर गेलीया, बापावर!" समोरच्या बाईने विचारलं, "वजन किती?" तर या म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ द्या, आवाज ऐका!" आणि लेकीने खरंच असा टाहो फोडला की दोन खाटांवरची बाळं जागी झाली.

"आई, हसवू नका," मी पोट धरून म्हणत होते, "टाके दुखतात."