आधी कोणाचं नाव

गोपाळकृष्ण खांबेटे म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस. कर्वेनगरहून खराडीच्या कंपनीत रोज कुरकुरत यायचे आणि आल्यावर कुणाशी गोड बोलायचे नाहीत. कंपनीचा गिअरचं माप काढणारा प्रोग्राम त्यांनीच सी प्लस प्लस या संगणकाच्या भाषेत लिहिलेला, निम्मं आयुष्य घालून. आता साहेबांना सगळं पायथन या दुसऱ्या भाषेत हवं होतं. शुक्रवारी गिऱ्हाइकासमोर जुना प्रोग्राम नव्या स्क्रीनशी जुळला तर ठीक, नाहीतर गेला कचऱ्यात. खांबेट्यांची झोप उडाली होती, पण कबूल कोण करणार?

दोन भाषांमधला पूल बांधायचं काम सुनीती रणपिसेकडे होतं. तिने एक मिक्सिन लिहिलं. मिक्सिन म्हणजे एकट्याने संसार न करणारा छोटा क्लास, प्रोग्रामचा एक सुटा तुकडा. दुसऱ्या क्लासला जोडून दिला की त्याच्या अंगी नवा गुण येतो. इथे गुण एवढाच, की गिअरचे दात कमी पडले तर ‘तपास’ नावाचं काम करतानाच स्क्रीनवर इशारा द्यायचा. जोडलं खरं, पण इशारा काही उमटेना. गुरुवारची दुपार त्यातच गेली.

शेवटी खांबेटे तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. नव्या क्लासचे आईबाप, म्हणजे तो ज्यांचे गुण घेतो ते क्लास, एका ओळीत मांडले होते: आधी खांबेट्यांचा जुना गिअर, मग सुनीतीचं मिक्सिन.

“माझं नाव आधी का?”

“सर, तुम्ही मोठे. पत्रिकेत नाही का, थोरांची नावं आधी घालतात?”

“पायथनला पत्रिका कळते का? तो आधी विचारतो कोणाला?”

सुनीतीने ती ओळ पुन्हा वाचली. तपास दोघांनाही येत होता. पायथन ओळीतल्या पहिल्याला विचारायचा, जुना गिअर उत्तर देऊन मोकळा व्हायचा, आणि मिक्सिनची पाळीच यायची नाही.

“म्हणजे तुम्हाला मागे टाकावं लागेल,” ती हळूच म्हणाली.

खांबेट्यांना वाईट वाटलं. चांगलंच वाटलं. खिशातला रुमाल काढून त्यांनी उगाचच चष्मा पुसला.

“मानपान मांडवात ठेवा. मला मागे बसवा.”

तिने नावं उलटी केली. स्क्रीनवर लाल इशारा उमटला आणि त्याच्याखाली गिअरच्या मापाचा आकडा आला.

“हा आकडा कोणाचा?”

“तुमचाच, सर. मिक्सिन आपलं सांगून झालं की तुम्हालाच विचारतं.”

शुक्रवारी गिऱ्हाईक त्या लाल इशाऱ्यावर खूश झालं आणि जुना प्रोग्राम तरला. साहेबांनी खांबेट्यांना पुढे येऊन बसायला सांगितलं. ते मागच्या खुर्चीतून हलले नाहीत.

“राहू द्या,” ते म्हणाले. “विचारलं की सांगतो.”