डेंगला लिहून दिलं नाही

"मी सही नाही करत," असं म्हणून मी कागद डेंगच्या हातात परत दिला. तो चपला बाहेर काढून दारात उभा होता. माझे दीर बबनभाऊजी आत खाटेवर बसून चहा पीत होते. कागदावर इंग्रजीत टाईप केलेल्या चार ओळी होत्या आणि त्यांचा अर्थ डेंगनेच मला सांगितला होता: हा माणूस चार वर्षांपासून माझ्या घरी भाड्याने राहतो आणि पुढेही राहील. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

"काकू," तो म्हणाला, "तुम्ही मले भिऊन राहिल्या का?"

"नाही," मी म्हटलं. हे मात्र खोटं होतं.

त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली, चपला घातल्या आणि गेला.

डेंग सुदानच्या दक्षिण भागातला. माझ्या पुढच्या खोलीच्या दारातून त्याला वाकून जावं लागे. नवरा वारल्यावर घर माझ्या नावावर झालं आणि ती खोली मी भाड्याने दिली, तेव्हा पहिला भाडेकरू हाच आला. शहराबाहेर हुडकेश्वरच्या बाजूला तेव्हा घरं कमी आणि वावरं जास्त. त्याला पाहायला बाया नळाची रांग सोडून यायच्या. तो विद्यापीठात आपल्या देशातल्या यादवीवर प्रबंध लिहीत होता. यादवी म्हणजे एकाच देशातल्या लोकांची आपसातली लढाई, हे मला त्यानेच सांगितलं. मी चौथी शिकलेली. ती लढाई त्याच्या लहानपणी सुरू झाली होती आणि तो मोठा झाल्यावर थांबली होती.

मराठी तो नळावर शिकला, त्यामुळे ती बायांची मराठी होती. एकदा पोस्टमनला म्हणाला, "काय वं, माहं पत्र नाही आलं?" बाईला लावायचं 'वं' ऐकून पोस्टमन सायकलवरून उतरून हसत बसला. पण एक शब्द त्याने पहिल्याच आठवड्यात पक्का केला, काहून, म्हणजे का. काकू, पहिली पोळी गाईले काहून? काकू, ही बाई त्या विहिरीवर काहून नाही जात? मी चिडायची. "तुह्या डोक्यात काहून शिवाय काही हाय का नाही गा?"

"तेच तर काम आहे माहं," तो म्हणायचा.

पण त्या कामाचं काही खरं दिसत नव्हतं. प्रबंधाला आधी एक नेमका प्रश्न लागतो, आणि त्याचा प्रश्न त्याचे सर दर वेळी परत करायचे. पहिल्यांदा त्याने लिहिलं, लढाई काहून झाली? सर म्हणाले, हा प्रश्न नाही, हा डोंगर आहे. मग लिहिलं, धर्म वेगळा होता म्हणून झाली का? सर म्हणाले, तू उत्तर ठरवूनच आला आहेस. वर्ष असंच गेलं. तो ओट्यावर बसून कागद फाडायचा आणि तुकडे खिशात भरायचा, माझ्या अंगणात कचरा नको म्हणून.

त्याच सुमारास समोरच्या गणपत आणि शामराव या चुलतभावांत भिंतीवरून काठ्या चालल्या. गणपतचं डोकं फुटलं. दोघांची जात एक, देव एक, अकरा वर्षं नळ एक. डेंग वही घेऊन माझ्याकडे आला.

"सुरुवात कोणं केली?"

"दोघंही म्हणतात दुसऱ्यानं केली. ते पुसून काय भेटते तुले?"

तो गेला. दुसऱ्या दिवशी परत आला.

"काकू, ते एकमेकाइच्या घरी भाजीची वाटी पाठवत होते. ते कधी बंद झालं?"

हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी आठवून सांगितलं, भिंतीच्या भांडणाच्या वर्षभर आधी.

"काहून?"

"गणपतले कोणी सांगतलं का शामराव जागेच्या मोजणीचा अर्ज देऊन राहिला. मंग गणपतनंच आधी अर्ज देल्ला."

"शामरावनं देल्ला होता?"

"नाही गा. त्यानं देल्लाच नव्हता."

"गणपत त्याले पुसायले गेला होता?"

"पुसायले कोण जाते?"

त्याने लिहिणं थांबवलं. मग सांगितलं, त्याच्या मुलखात नदीकाठी दोन गावं होती. माणसं सारखी, गुरं सारखी, दुष्काळ सारखा. लढाईत एका गावाने शेजाऱ्यांची घरं जाळली, दुसऱ्याने नाही जाळली. त्याने सरांना लिहून दिलं: लढाईच्या आधीच्या वर्षी या दोन गावांनी शेजाऱ्यांबद्दल काय ऐकलं, आणि ते खरं का खोटं हे विचारायला कोणत्या गावातून कोण गेलं? सरांनी हा प्रश्न घेतला. डेंग पावभर जिलेबी घेऊन आला. "प्रश्न बरोबर झाला काकू. आता उत्तर भेटलंच समजा." त्याला इतका मोकळा हसताना मी त्या एकाच दिवशी पाहिलं.

मग राहण्याचा परवाना वाढवायची वेळ आली. परवाना नाही तर पुढचं शिक्षण नाही, परत जायचं. कचेरीने घरमालकाचं लेखी मागितलं. आमच्याकडे तेव्हा भाडेकरूला कोणी चिठ्ठीसुद्धा लिहून देत नसे. बबनभाऊजी कळमेश्वरहून मुद्दाम आले.

"वयनी, लिहून देऊ नको. एकदा कागद भेटला का भाडेकरू निघत नाही. बाईमाणसाचं घर आहे, त्याच्या नजरेत भरलं असन."

"तो म्हणला का तसं?"

"कोणी म्हणून घेते का घर?"

मी डेंगला विचारलं नाही की बाबा, तुला घर पाहिजे का? तो भिंतीपलीकडेच होता. त्याच्या प्रश्नात जे होतं तेच मी करत होते. तेव्हा कळलं नाही, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मला तेव्हाच कळलं होतं.

पंधरा दिवस तो दुसरी खोली शोधत फिरला. काळ्या माणसाला खोली कोणी देत नव्हतं आणि देणार नाही हे मला ठाऊक होतं. त्या दिवसांत मी त्याला रोज भाकर-पिठलं दिलं, तो ते खाऊन ताट घासून ठेवायचा. खोली मिळाली नाही. तो आपल्या देशात परत निघाला त्या सकाळी मी आत बसून राहिले. खिडकीतून आवाज आला, "काकू, किल्ली इथं ठेवून राहिलो."

तो गेला आणि काही महिन्यांत तिकडे लढाई परत पेटली. तीन वर्षांनी त्याची बहीण अचोल हिचं इंग्रजी पत्र आलं. शेजारच्या मास्तरीणबाईंनी वाचून दाखवलं. परत गेल्यावर डेंग आईला, धाकट्या भावाला आणि तिला घेऊन त्या दोन गावांपैकी, ज्याने पहिल्या वेळी काही जाळलं नव्हतं, त्या गावात राहायला गेला होता. वही घेऊन तो घरोघर फिरायचा. या वेळी ते गाव जळालं. त्याच्या वह्या तुमच्याकडे राहिल्या आहेत का, असं अचोलने विचारलं होतं.

"काय लिहू?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

"लिहा, वह्या नाहीत. आन् लिहा का मी सही केली नाही."

"कशावर?"

"तेवढंच लिहा."

त्यांनी लिहिलं. उत्तर आलं नाही.

त्या घरात चौघं होती, हे तिच्या पत्रातच होतं. डेंग, त्याची आई आणि धाकटा भाऊ गेले. अचोल वाचली.