क्वार्टरबॅकचा पाच

“तो आमच्या इथल्या इंडियन मुलीपेक्षाही कमी बोलतो,” संपादक फोनवर हसत म्हणाले, “आणि अंगावर कोणी धावून आलं की मान खाली घालतो. छापलेला पाच अगदी बरोबर आहे.”

इंडियन मुलगी म्हणजे मी. म्युनिकमध्ये शिकत असताना मी एका क्रीडा साप्ताहिकात आठवड्यातले दोन दिवस काम करायचे. अमेरिकन फुटबॉल मला धड कळत नव्हता. इंग्रजी चांगलं म्हणून मला घेतलं होतं. अमेरिकेतले मोठे संघ दरवर्षी कॉलेजच्या खेळाडूंमधून निवड करतात. त्यात क्वार्टरबॅकची, म्हणजे चेंडू फेकून सगळा डाव चालवणाऱ्याची, चर्चा सर्वांत जास्त. तिकडच्या जाणकारांचे अहवाल वाचून मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये चार-चार ओळी लिहायचे आणि शेवटी गुण टाकायचे.

तिकडे पाचपैकी गुण देत. पाच म्हणजे उत्तम. जर्मन शाळेत, आणि म्हणून जर्मन क्रीडापानांवरही, एक म्हणजे उत्तम आणि पाच म्हणजे नापास. मी सगळे आकडे उलटे केले होते. एक सोडून. त्या मुलाच्या अहवालात शेवटी होतं, ‘अबोल आहे, त्यामुळे पुढारी वाटत नाही.’ माझ्या प्रगतिपुस्तकात दरवर्षी असंच काहीसं असायचं. त्या ओळीवर मी इतकी अडखळले, की त्याचा पाच तसाच छापून गेला.

अंक हातात आल्यावर मला चूक दिसली. मी गप्प राहिले. हा अंक अमेरिकेत कोण वाचणार?

पण तिकडे पाचपैकी पाच मिळूनही त्याला कोणीच निवडलं नाही. आणि आता फोनवर एका जर्मन संघाचा प्रशिक्षक होता. त्याला हा मुलगा आणि आणखी एक, अशा दोघांपैकी एकाला हंगामासाठी बोलवायचं होतं, आणि ते आजच ठरवायचं होतं.

अंक छापण्याआधी संपादकांनी माझ्या शेजारी बसूनच त्या मुलाच्या खेळाची टेप पाहिली होती. तोच डाव, तीच खाली गेलेली मान. तेव्हा म्हणाले होते, “आल्झो, काय शांत आहे हा! नुसता बर्फ.” आता पाच वाचल्यावर त्याच मानेत त्यांना भीती दिसत होती. आणि ते खोटं बोलत नव्हते, याचाच मला जास्त त्रास झाला. मला तरी टेपमध्ये काय दिसलं होतं? एक मुलगा चेंडू धरून उभा होता, एवढंच.

“गेनाऊ, अगदी बरोबर,” संपादक फोनवर म्हणाले. “दुसऱ्यालाच बोलवा.”

माझा करार पुढच्या महिन्यात संपत होता. मी उठून त्यांच्या टेबलाशी गेले. त्यांनी हातानेच ‘नंतर’ अशी खूण केली. मी तिथून हलले नाही.

“फोन ठेवू नका,” मी म्हणाले. “तो पाच माझ्या चुकीने छापला गेलाय. तिकडे पाच म्हणजे सगळ्यांत चांगला.”