राजासोबत कोण आलं?

सागाची वाळलेली पानं पायाखाली भाजलेल्या पापडासारखी मोडत होती, आणि देवगडच्या किल्ल्यावर त्याखेरीज दुसरा आवाज नव्हता. माघाचं कोवळं ऊन कचेरीच्या कमानींतून आरपार वाहत होतं. एके काळची ही गोंडांची राजधानी! जिथे फिर्यादी ताटकळले असतील, तिथे आता वारुळं वाढली आहेत. अशा निर्जन वैभवाचं मला विलक्षण कुतूहल आहे. राजे कुठे गेले, हे इतिहास सांगतो. पण त्यांचा पहारेकरी, त्यांची भाजीवाली, पोरांना रागावणारी शेजारीण, ही सारी माणसं कुठे गेली असतील?

तुम्हाला म्हणून सांगते, या सहलीत माझा स्वार्थ होता. आई गेल्यापासून बाबा नागपूरला, महाल भागातल्या घरी एकटे राहतात. त्यांना पुण्याला आमच्याकडे न्यायचं, असं ठरवूनच मी आणि नवरा आलो होतो. फोनवर हा विषय निघाला की बाबांना कुकरची शिट्टी ऐकू येई. म्हटलं, जुनी शहरं निवांत पाहू, बोलता बोलता त्यांना वळवू. ते तयार झाले, पण वामनकाकांना घेऊनच! काका त्यांचे शाळेपासूनचे मित्र. लग्न न केलेले, पलीकडच्याच गल्लीतले. दर रविवारी बाबांनी गोळाभात रांधायचा आणि काकांनी कढी आणायची, हा दोघांचा नेम. पहिल्याच मुक्कामी, चंद्रपुरात, रविवार उजाडला, तर या दोघांनी खाणावळीतल्या बाईंना गोड बोलून चक्क त्यांची चूल ताब्यात घेतली आणि हिंगाच्या फोडणीने अवघी खाणावळ दरवळवून टाकली.

चंद्रपूरने मात्र माझा घात केला. तिथला गोंड राजांचा परकोट, गावाभोवतीचा तट, अजून उभा आहे, आणि राजांसाठी बांधलेल्या वेशीतून स्कूटर, भाजीच्या गाड्या, शाळेच्या रिक्षा खुशाल ये-जा करतात. राज्य लयाला गेलं तरी गावाने आपला संसार मोडला नाही. बाबा वेशीपाशी थबकले. "पाह्य पोरी, राजा गेला, पण लोकं राहूनच राहिले ना इथं!" हा टोला कुणाला होता, ते मला कळलं. काका तर असे खुलले, जणू तो परकोट त्यांनीच बांधला होता.

आणि आता हे देवगड, पार उलटी साक्ष देणारं! इथल्याच गोंड राजाने पुढे नागपूर वसवलं, हे नवऱ्याने सहज सांगितलं. बाबा कमानीला टेकले आणि एकाएकी हसले.

"म्हंजे तो राजा उठून आला म्हणून आपलं नागपूर झालं. अन् मी म्हणतो, नागपूर सोडत नाही!" मग ते म्हणाले, "येतो वं मी पुण्याले."

ज्यासाठी महिनोन्‌महिने झुरले, ते असं अवचित पदरात पडलं! मी आनंदाने काकांकडे पाहिलं. ते फराळाच्या डब्याचं झाकण लावत होते; लावलेलं पुन्हा काढत होते.

"जा ना गा," ते बाबांना म्हणाले. "माह्यासाठी काहून अडून राहिला?"

आम्ही किल्ला उतरू लागलो. मी जिंकले होते आणि मला रडू येत होतं. एका माणसाचं एकटेपण उचलून दुसऱ्याच्या दारात ठेवायचं, याला का माया म्हणायची? पण मग बाबांना तिथेच सोडून जायचं, ही तरी कुठली माया?

परतीच्या वाटेवर कन्हान नदी ओलांडली तेव्हा पाण्यावर तांबूस संध्याकाळ पसरली होती. मागच्या सीटवरून काकांचा आवाज आला.

"पोरी, तो राजा नागपूरले एकटाच थोडी आला असन?"

"एकटा कसा येईल काका? आपली माणसं आणली असतील की सोबत."

"हं." ते खिडकीबाहेर पाहत राहिले. मग घसा खाकरून म्हणाले, "तुमच्या तिकडं, तुह्या घराजवळ, एका माणसापुरती खोली भाड्यानं भेटते काय वं?"

बाबांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मी मागे वळले आणि ठासून सांगितलं, "मिळते, काका."

मिळते की नाही, हे मला तेव्हा मुळीच ठाऊक नव्हतं.